घराच्या हप्त्यासाठी उपवास करायचा का? आम्ही करतो

उपवास प्रार्थनेचा विषय निघाला की आपल्याकडे बायबलमधली एस्तेर राणी आणि निनवे शहर ही दोन नावं ठरलेलीच, पण मला अडचणीच्या दिवसांत सगळ्यात जास्त धीर दिला तो एज्राने. आठवा अध्याय, २१ ते २३ वचनं, काढून वाचा एकदा. एज्राबरोबर बाबेलहून यरुशलेमला निघालेला जथा, सोबत लहान लेकरं, आणि मंदिरासाठी दिलेलं सोनं-चांदी, नुसती चांदीच ६५० किक्कार (तेव्हाचं मोठं वजनमाप). प्रवास जवळजवळ चार महिन्यांचा आणि वाटेत शत्रू टपलेले. राजाकडे शिपाई, घोडेस्वार मागता आले असते, पण एज्रा आधीच राजाला सांगून बसला होता की आमचा देव त्याला शोधणाऱ्यांचं भलं करतो, मग आता कुठल्या तोंडाने मागणार? म्हणून अहवा नदीकाठी सगळ्यांनी उपवास केला. आणि मागितलं काय, तर रस्ता नीट पार पडू दे, आमच्यासाठी, पोराबाळांसाठी आणि आमच्या मालमत्तेसाठी. मालमत्तेसाठीसुद्धा! हे वाचून मला किती मोकळं वाटलं काय सांगू.

कारण आमच्याकडे तेव्हा नेमकं तेच चालू होतं. ह्यांचा प्लांट बंद पडला, शेवटचे पगार अडकले, घराचा हप्ता चालू, मुलीच्या क्लासची फी, सासूबाईंच्या गोळ्या. काही जण म्हणायचे की उपवास आत्मिक गोष्टींसाठी करायचा असतो, पैशासाठी नाही. अहो पण घरात लाईट बिल भरायला पैसे नसले की त्याची काळजी आत्म्यालाच खाते ना, रात्री झोप लागत नाही ती कुणाला?

आम्ही शुक्रवार धरला. सकाळपासून फक्त पाणी, संध्याकाळी प्रार्थना झाली की भाकरी आणि डाळ. शेजारच्या काकू एकादशी करतात, त्यांनी प्रेमाने विचारलं की तुमच्या उपवासाला काय चालतं, साबुदाणा देऊ का, म्हटलं काकू पाणीच चालतं, तर त्यांनी त्या दिवसापासून शुक्रवारी आमच्या दाराशी सुद्धा आवाज करायचा नाही अशी ताकीदच दिली त्यांच्या नातवाला. दुपारी बारा-साडेबाराला कुणाच्या तरी घरून लसणाच्या फोडणीचा वास येतो आणि डोकं ठणकायला लागतं, तेव्हा खरी प्रार्थना सुरू होते असा माझा अनुभव आहे, त्याआधीची सगळी पाठ झालेली वाक्यं असतात. पोटात काही नसलं की शब्द कमी होतात, "प्रभु, सांभाळ" एवढंच उरतं आणि तेवढं पुरतं.

बँकेची नोटीस आली त्या शुक्रवारी ह्यांनी ती पासबुकासकट पवित्र शास्त्राशेजारी पसरून ठेवली आणि गुडघे टेकले. हिज्कीया राजाने अश्शूरच्या राजाचं धमकीचं पत्र मंदिरात नेऊन परमेश्वरापुढे असंच पसरलं होतं, २ राजे १९. ह्यांनी आकडा मोठ्याने वाचला, तारीख वाचली, आणि मग रडले. लग्नानंतर मी ह्यांना कधी असं रडताना बघितलं नव्हतं.

पण एक गोष्ट मनापासून सांगते, उपवास म्हणजे देवाचा हात पिरगळणं नाही. दावीद राजाने लेकरू आजारी असताना उपास केला, जमिनीवर पडून राहिला, घरातले वडीलधारे उठवायला आले तरी उठला नाही, आणि तरी सातव्या दिवशी लेकरू गेलंच. मग तो उठला, अंघोळ केली, कपडे बदलले, परमेश्वराच्या घरात जाऊन नमन केलं आणि मग घरी येऊन जेवला. हा भाग आपण मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, फार कमी वाचतो, वाचायला पाहिजे. ज्यांनी उपवास करकरून सुद्धा आपलं माणूस गमावलंय त्यांना "तुमचा विश्वास कमी पडला" असं म्हणणाऱ्यांचा मला खरंच राग येतो.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर पंडिता रमाबाई. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी शेकडो अनाथ मुली आणि विधवा आणल्या, केडगावला (आमच्या नगरचं नाही, दौंडजवळचं) ठेवल्या, एवढ्या जणींना रोज दोन वेळा जेवू घालायचं म्हणजे काय! धान्य, विहिरी, औषधं, सगळं त्या प्रार्थनेत आणायच्या. १९०५ च्या सुरुवातीला त्यांनी मुलींचा रोज प्रार्थना करणारा गट बसवला आणि त्याच वर्षी त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये मोठी आत्मिक जागृती झाली. पण प्रार्थनेबरोबर शेती होती, विणकाम होतं, छापखाना होता, हातावर हात ठेवून कुणी बसलं नव्हतं. ह्यांनी पण शुक्रवारी उपाशीपोटी इंटरव्ह्यू दिलेत.

शुगर असेल, बीपीच्या गोळ्या चालू असतील, दिवस गेलेले असतील तर पूर्ण उपवास करू नका, डॉक्टरांना विचारा, एक वेळचं जेवण किंवा मोबाईल सोडा. सासूबाई फक्त चहा सोडतात, आणि त्यांना ओळखणाऱ्याला कळेल ते केवढं मोठं आहे. आणि तोंड पाडून फिरू नका, मत्तय सहामध्ये प्रभूने डोक्याला तेल लावून तोंड धुवायला सांगितलंय. भुकेल्याला आपली भाकर वाटून द्या असं यशया ५८ सांगतो, तसं आमचं वाचलेलं दुपारचं जेवण डब्यात भरून गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या आजींकडे जातं, नोकरी नव्हती तेव्हापण जात होतं.

आता ह्यांना सुप्याच्या एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर काम लागलंय, पगार आधीपेक्षा बराच कमी, बँकेने हप्ता लहान करून मुदत वाढवून दिली. अडकलेला पगार अजून आलेला नाही. शुक्रवार चालूच आहे, सध्या मुलीच्या नर्सिंगच्या ॲडमिशनसाठी मागतोय, आणि फीचा आकडा ह्यांनी प्रार्थनेच्या वहीत सगळ्यात वर लिहिलाय.