कॉम्प्युटर पाहिजे

‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या २ मे १८९२ च्या अंकात एक लहानशी बातमी आहे आणि तिचा मथळा ‘कॉम्प्युटर पाहिजे’ असा आहे. नाविक पंचांग (खलाशांसाठी सूर्य, चंद्र, ताऱ्यांच्या स्थानांची कोष्टके) काढणाऱ्या कार्यालयात कॉम्प्युटरच्या दोन जागा रिकाम्या असून एका जागेस एक हजार व दुसरीस चौदाशे डॉलर वेतन आहे, त्यांसाठी १८ मे रोजी वॉशिंग्टनला परीक्षा होईल आणि तीत बीजगणित, भूमिती, त्रिकोणमिती व खगोलशास्त्र हे विषय असतील, असा तिचा मजकूर. हे कात्रण आता गंमत म्हणून समाजमाध्यमांवर फिरत असते. परंतु त्या काळच्या वाचकाला त्यात हसण्यासारखे काही दिसले नसते, कारण आकडेमोड करणारा माणूस हाच त्या शब्दाचा रुळलेला अर्थ होता. जुन्या इंग्रजी वृत्तपत्रांच्या संग्रहांत हा शब्द शोधत बसण्याचा मला नाद आहे. माझे मत असे झाले आहे की, त्याचा अर्थ केव्हा पालटला हे पाहायचे असेल, तर त्याच्या आधी कोणते विशेषण येते इकडे लक्ष ठेवावे.

या कामाची पद्धत त्याहून शंभर-सव्वाशे वर्षे जुनी होती. इंग्लंडचे १७६७ सालचे पहिले नाविक पंचांग तिथले राजखगोलशास्त्रज्ञ नेव्हिल मॅस्केलिन यांनी काढले, तेव्हापासून त्याचे कॉम्प्युटर आपापल्या घरी बसून गणित करीत आणि उत्तरे टपालाने पाठवीत. एकाच महिन्याचे गणित दोघांकडून स्वतंत्रपणे करून घेतले जाई व तिसरा माणूस दोन्ही उत्तरे ताडून पाही. एकदा दोघांनी परस्परांची उत्तरे उतरवल्याचे उघडकीस आले आणि दोघांचेही काम गेले. आपल्याकडे बंगाली गणिती राधानाथ सिकदर १८३१ साली हिंदुस्थानची मोजणी करणाऱ्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात दाखल झाले व पुढे मुख्य कॉम्प्युटर झाले. ज्या शिखराला आपण एव्हरेस्ट म्हणतो, त्याची २९,००२ फूट ही उंची १८५६ साली जाहीर झाली आणि तिच्यामागच्या गणिताशी त्यांचे नाव जोडले जाते.

आम्हा अलिबागकरांना विशेष वाटावी अशी गोष्ट भरतीच्या गणिताची आहे. किनाऱ्यावर राहणाऱ्याला तिथीवरून भरतीची वेळ साधारण सांगता येते; अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी पाण्याची, भरती आणि पुनवेला उधाण, हे शेंबडे पोरही सांगेल. बंदरात जहाज आणायचे तर मात्र पाण्याची उंची फुटा-इंचांत आधीच लागते, आणि ती काढताना चंद्रसूर्यांच्या ओढीतून निघणाऱ्या अनेक लहानमोठ्या लाटांची बेरीज करावी लागते. भारतातल्या बंदरांसाठी ही बेरीज करणारे यंत्र १८७९ साली लंडनमध्ये तयार झाले. कप्प्यांवरून एकच दोरी फिरवलेली, प्रत्येक कप्पी एकेका लाटेप्रमाणे वरखाली होणारी, आणि दोरीच्या टोकाची लेखणी कागदावर वर्षभराच्या भरती-ओहोटीची रेघ ओढणारी, अशी त्याची रचना होती. हे यंत्र आकडेमोडच करीत होते. तरीही त्याचे नाव ‘भरतीचे भाकीत करणारे यंत्र’ असेच राहिले. कॉम्प्युटर हे नाव माणसाचे होते.

यंत्राच्या बाजूला या शब्दाचे कूळ सरकले ते विशेषणाच्या रूपाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत दुकानदारांसाठी ‘कॉम्प्युटिंग’ तराजू निघाले, ज्यांवर वजनाबरोबर किंमतही वाचता येई. ते तराजू बनवणारी कंपनी १९११ साली ज्या कंपनीत विलीन झाली, तिनेच १९२४ साली आयबीएम हे नाव घेतले.

माझ्या मते खरा सांधा १५ फेब्रुवारी १९४६ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये सापडतो. एनिअॅक या अमेरिकेतल्या विजेवर चालणाऱ्या गणकयंत्राच्या त्या बातमीच्या मथळ्यात ‘इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटर’ असे शब्द आहेत. हे विशेषण गरजेचे होते, कारण नुसते कॉम्प्युटर म्हटले असते तर वाचकापुढे माणूस उभा राहिला असता. आमच्याकडे अजूनही नुसती ‘गाडी’ म्हटली की एसटीच समजतात आणि दुसरी असेल तर तसे सांगावे लागते, तशातलाच हा प्रकार. त्या यंत्राला गणिते घालून देणाऱ्या सहाजणी आधी कॉम्प्युटर याच पदावर तोफगोळ्यांच्या मार्गांची आकडेमोड करीत होत्या. म्हणजे पद गेले यंत्राकडे आणि पूर्वीच्या पदाधिकारी त्याच्या दिमतीला. प्रसिद्धीच्या त्या धामधुमीत त्यांची नावे मात्र मागेच राहिली, याचा मला राग येतो.

त्यानंतरची काही वर्षे संपादकांना ‘विराट मेंदू’ हा शब्दप्रयोग अधिक आवडत होता. ‘टाइम’ साप्ताहिकाने २३ जानेवारी १९५० च्या मुखपृष्ठावर हार्वर्डच्या मार्क तीन यंत्राला चक्क नौदलाची टोपी घातली आणि माणूस महामानव घडवू शकेल का, असा प्रश्न खाली छापला. हा सगळा भडकपणाच होता. कारण ते यंत्र करीत होते ती बेरीज-वजाबाकी, जी कालपर्यंत पगारी माणसे करीत होती. ३ जानेवारी १९८३ च्या अंकात त्याच साप्ताहिकाने वर्षाच्या मानकऱ्याची जागा कॉम्प्युटरला दिली, तेव्हा विशेषणाची गरज कुणालाच उरली नव्हती.

आपल्या सरकारी दप्तराने मात्र जुना अर्थ बराच काळ सांभाळला. जनगणना कार्यालयांत कॉम्प्युटर हे माणसाचे पद स्वातंत्र्यानंतरही होते. इंग्रजीत ते शेवटच्या ‘ई’च्या जागी ‘ओ’ घालून लिहीत, त्यामुळे यंत्राशी गल्लत होत नसे.