चहाचा रकाना नसलेला फॉर्म

रात्री साडेबारा वाजले की माझे पाय सुरू व्हायचे. दुखायचे नाहीत, पेटकेही यायचे नाहीत. पोटऱ्यांच्या आत खोल काहीतरी वळवळतंय आणि पाय हलवल्याशिवाय ते थांबणार नाही, असं वाटायचं. हलवले की थांबायचं, स्थिर ठेवले की पुन्हा सुरू. मग उठून स्वयंपाकघर ते गॅलरी अशा फेऱ्या. सासूबाईंनी त्यांच्या आईचा उपाय सांगितला, जुन्या सुती लुगड्याची पट्टी फाडून पोटऱ्यांना आवळून बांधायची. दीड वर्ष मी तशा पट्ट्या बांधून झोपले. झोप जेमतेम साडेचार तास, आणि सकाळी डोंबिवलीहून सातच्या आतली लोकल. वय 44, फोर्टला एका ऑफिसात अकाउंट्सचं काम. मार्चअखेर आली की दोन आकडे तीनदा तपासावे लागायचे, इतकं डोकं जड.

या दीड वर्षात जे जे करून पाहिलं ते सगळं सांगत बसत नाही. जायफळ घालून दूध, खसखस, तळपायाला तूप, रात्रीचा भात बंद. हिमोग्लोबिन 12.3 आलं, म्हणजे नॉर्मल, म्हणजे टेन्शन, म्हणून झोपेची गोळी. गोळीने डोळे मिटायचे, पाय जागेच राहायचे. शेवटी भावाने एका मोठ्या हॉस्पिटलच्या झोपेच्या ओपीडीत नंबर लावून दिला. तारीख महिन्याने मिळाली आणि तिथे गेल्यावर हातात तो फॉर्म पडला.

फॉर्म दोन भागांत होता. पहिला झोपेचा. त्यात दिवसा किती पेंग येते याचे आठ प्रश्न असतात, मेलबर्नच्या एका डॉक्टरांनी 1991 साली तयार केलेले आणि जगभर वापरले जाणारे. एक प्रश्न असा की गाडीत बसलेले असताना, गाडी रहदारीत काही मिनिटं थांबली तर डोळा लागतो का. माझ्याकडे गाडी नाही. मी लेडीज डब्यात ठाण्यापर्यंत उभी असते. मी शून्य लिहिलं. उभ्या बाईला झोप येत नाही म्हणून शून्य, पेंग नाही म्हणून नव्हे, हे सांगायला तिथे जागा नव्हती. माझी बेरीज कमी आली आणि मी "कमी गरजू" ठरले.

दुसरा भाग सात दिवसांच्या आहाराचा. न्याहारी, दुपारचं जेवण, रात्रीचं जेवण असे तीन रकाने, आणि प्रमाण ग्रॅममध्ये. मी सातही दिवस मन लावून लिहिलं. पोळ्या तीन, भाजी एक वाटी, आमटी एक वाटी. काउंटरवरच्या बाईंनी तिथेच परत दिलं. "ताई, ग्रॅम लिहा. वाटी आम्हाला चालत नाही. अपूर्ण फॉर्म डॉक्टरांकडे जात नाही." मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवते ना, दोन मिनिटं लागतील. त्या म्हणाल्या, पुढची तारीख घ्या. पुढची तारीख पाच आठवड्यांनी होती.

पाच आठवडे. रोज रात्री दोन-दोन तास पाय आपटणाऱ्या बाईला, वाटीचे ग्रॅम केले नाहीत म्हणून. मी घरी स्वयंपाकाचा काटा आणला. मुलाची बारावी चालू होती, नवरा शिफ्टवर, आणि मी रात्री दहा वाजता भेंडीची भाजी काट्यावर ठेवून वजन लिहीत होते. पोळी 38 ग्रॅम. भाजी 110 ग्रॅम. तो कागद मी अजून ठेवला आहे.

लिहिताना एक गोष्ट टोचत होती. माझ्या दिवसातली जी गोष्ट सगळ्यांत जास्त वेळा पोटात जाते तिला या फॉर्मात जागाच नव्हती. उठल्यावर चहा, पोह्यांबरोबर चहा, ऑफिसात पोचल्यावर कटिंग, डबा खाऊन झाला की लगेच एक, चारला एक, घरी आल्या आल्या एक, आणि रात्री साडेनवाला शेवटचा, तो माझा हक्काचा. सात. मी समासात पेनाने लिहिलं, "चहा, 7 वेळा", आणि वेळा टाकल्या. दुसऱ्या खेपेला काउंटरवर वेगळा मुलगा होता. ग्रॅम पाहून खूश झाला. मग कॉम्प्युटरवर भरायला लागला आणि समासातलं सोडून दिलं. मी विचारलं, हे घेतलं नाहीत? "मॅडम, रकान्याबाहेरचं सिस्टीम घेत नाही."

आत ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी स्क्रीनवर पाहिलं. आहार संतुलित, पेंग कमी, पुढे रात्रभराची झोपेची तपासणी करून घ्या, तिचा खर्च अमुक. मी पायांचं सांगितलं. "तेही तपासणीत दिसेल." दाराबाहेर आले तेव्हा मला रडू येत होतं आणि खरं सांगते, रागही आला होता. दोन महिने गेले होते आणि "पायांना नेमकं काय होतं" हे कोणी एका वाक्यात विचारलं नव्हतं.

ज्यांनी विचारलं त्या शिकाऊ डॉक्टर होत्या, मुलाच्या वयाहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या असतील. तपासणीची तारीख लिहून द्यायला बसल्या होत्या. माझ्या हातातला कागदी फॉर्म त्यांनी घेतला, समास वाचला आणि मान वर केली. "काकू, चहा जेवणावरच घेता का? जेवण झाल्या झाल्या?" मी हो म्हटलं. "पाय हलवले की बरं वाटतं? रात्रीच जास्त होतं? बसून राहिलात की वाढतं?" चार प्रश्न. चारही हो. त्या म्हणाल्या, याला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात, या आजाराचं निदान ऐकूनच होतं, त्यासाठी रात्रभर तारा लावून झोपायची गरज नाही. त्यांनी वरिष्ठांना बोलावून आणलं आणि चिठ्ठीवर एक तपासणी लिहिली. फेरिटिन.

फेरिटिन म्हणजे शरीरातला लोहाचा साठा. हिमोग्लोबिन म्हणजे खिशातले पैसे, फेरिटिन म्हणजे बँकेतले, असं मी ऑफिसात मैत्रिणींना समजावते. साठा संपत आला तरी हिमोग्लोबिन बरेच दिवस टिकून राहतं. मेंदूत डोपामिन तयार व्हायला लोह लागतं, ते कमी पडलं की पायांची ही तळमळ सुरू होऊ शकते, आणि ती संध्याकाळनंतरच जोर धरते. माझं फेरिटिन 16 आलं. लॅबच्या कागदावर "नॉर्मल" 10 पासून सुरू होत होतं, त्यामुळे आकडा ठळकही छापला नव्हता. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा. पायांच्या या त्रासात डॉक्टर 75 च्या खाली असेल तरी लोह देण्याचा विचार करतात. लॅबचं नॉर्मल आणि तुमच्या पायांचं नॉर्मल वेगळं असू शकतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के भारतीय स्त्रियांना रक्तक्षय आढळला, आणि माझ्यासारख्या हिमोग्लोबिन ठीक असलेल्या बायका तर त्या आकड्यात धरलेल्याच नाहीत.

चहाने माझं दोन्हीकडून नुकसान केलं होतं. चहातले कषाय, म्हणजे तुरट, घटक भाजी-भाकरीतलं लोह बांधून ठेवतात, त्यातलं बरंचसं आतड्यात शोषलं जात नाही. आम्ही घरात मांसाहार करत नाही, म्हणजे जे लोह मिळायचं ते पालेभाज्या, कडधान्यं, ज्वारी-बाजरीतूनच, आणि ते मुळातच कमी शोषलं जातं. त्यावर जेवणाच्या शेवटच्या घासाला चहा. दुसरं म्हणजे कॅफिन. दिवसभर मेंदूत साठत जाऊन झोप आणणारं एक रसायन असतं, कॅफिन त्याची जागा अडवून बसतं. प्यायलेल्यातलं निम्मं शरीरातून जायलाच पाच-एक तास लागतात. अमेरिकेत 2013 साली झालेल्या एका प्रयोगात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या कॅफिननेही एक तासाहून जास्त झोप कमी केली. त्यात मात्रा मोठी होती, चार कप कॉफीइतकी. पण माझा तर साडेनवाचा कप होता.

लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, एक दिवसाआड. रोजच्यापेक्षा दिवसाआड घेतल्याने लोह चांगलं शोषलं जातं, असं त्या डॉक्टर म्हणाल्या. आणि पहिले सहा आठवडे काहीही फरक पडला नाही! कारण गोळी मी सकाळी घ्यायचे आणि पाच मिनिटांत चहा. कोणी सांगितलं नव्हतं, मलाही सुचलं नाही. आता गोळी लिंबूपाण्याबरोबर, आणि त्यानंतर दोन तास चहा नाही, दूध नाही, कॅल्शियमची गोळी नाही. शौचाला काळं होतं, घाबरू नका. पित्ताची गोळी रोज घेत असाल तर डॉक्टरांना सांगा, तिनेही लोह कमी शोषलं जातं.

चहा तीनवर आणला. जेवणापासून निदान तासभर लांब, आणि शेवटचा दुपारी तीनच्या आत. पहिला आठवडा डोकं ठणकलं, मग थांबलं. जेवण साडेदहावरून साडेआठवर आणलं, त्यासाठी घरात तीन दिवस वाद झाले. भात पुन्हा सुरू केला. रात्री भात नको म्हणणाऱ्यांना सांगते, सिडनीत 2007 साली झालेल्या एका लहान प्रयोगात झोपेच्या चार तास आधी पांढऱ्या भाताचं जेवण घेतलेल्यांना लवकर झोप लागली होती. मधुमेह असेल तर हे तुमच्यासाठी नाही. सासूबाई हळिवाचे लाडू करतात आणि पालेभाजी बिडाच्या कढईत, वर लिंबू.

चौथ्या महिन्यात एका रात्री मी पट्ट्या बांधायला विसरले आणि सकाळी गजरानेच जाग आली. उशाशी ती लुगड्याची गुंडाळी तशीच होती. सासूबाईंना उठवून दाखवली. आता साडेसहा तास झोप होते, फेरिटिन 58 आहे, गोळ्या अजून चालू आहेत.

फेरिटिन ताप किंवा संसर्ग असताना तपासू नका, तेव्हा ते खोटं वाढलेलं दिसतं. लोहाच्या गोळ्या मनानेही सुरू करू नका, आधी आकडा हातात घ्या. आणि सर्दीच्या ज्या गोळीने गुंगी येते ती या पायांना आणखी बिघडवते, मला जानेवारीत दोन रात्री तो अनुभव आला.

त्या ओपीडीत मी परवा फेरतपासणीला गेले. फॉर्म तोच आहे. शेजारी बसलेल्या बाई वाटीचे ग्रॅम किती लिहायचे म्हणून विचारत होत्या. मी त्यांना माझं पेन दिलं आणि समासात चहा लिहायला लावला, वेळांसकट. तो कागद काउंटरवर देऊन टाकू नका, आत डॉक्टरांच्या हातात द्या, एवढं सांगितलं आणि त्यांचा नंबर लागेपर्यंत थांबले.