केसपेपरच्या खिडकीवर चढणारे आवाज

नाशिकरोडच्या एका दवाखान्यात मी केसपेपर काढायला बसते. कोरोना ओसरला, गर्दी कमी झाली, पण खिडकीवरची भांडणं वाढली. नंबर मागेपुढे झाला, डॉक्टर ऑपरेशनला गेले, विम्याचा एखादा कागद राहिला, की काचेवर हात आपटायचा.

सिन्नरकडचा एक जण आईला घेऊन आला होता. बीपी वाढलेलं. मी म्हटलं, "थांबा, बेड आहे का बघते." एवढ्यावर तो असा ओरडला की मागची रांग हलली. मी खिडकी सोडून बाहेर आले. समोर नाही, थोडी बाजूला, हातभर अंतर ठेवून उभी राहिले. आवाज मुद्दाम खाली आणला. "दादा, आईंना इथे बसवा. सिस्टर आत्ता बीपी बघतायत. बेडचं 10 मिनिटांत येऊन सांगते. नसला तरी येऊन सांगते." आणि सांगितल्याप्रमाणे गेले.

नंतर तोच बोलला. एप्रिल 2021 मध्ये वडील गेले. दवाखान्यातून थेट अमरधामला नेलं, तोंड पाहता आलं नाही. हा स्वतः पॉझिटिव्ह, त्यामुळे रामकुंडावर दशक्रियेलाही जाता आलं नाही. त्या दिवसांत दारोदार "बेड बघतो" एवढंच ऐकलेलं. माझ्या तोंडून तेच शब्द आले होते.

तेव्हापासून मी "शांत व्हा" म्हणणं बंद केलं. त्याने कुणी शांत होत नाही, उलट आपलं ऐकलंच नाही असं वाटतं. त्यापेक्षा समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं: "सकाळपासून थांबलात, अजून कुणी बघितलं नाही, बरोबर?" मग काय होऊ शकतं आणि किती वेळात, ते सांगायचं. खोटा वेळ कधीच द्यायचा नाही. त्याला निघायची वाट मोकळी ठेवायची, आपलीही. हात उगारला किंवा काही उचललं, तर बोलत बसायचं नाही, सिक्युरिटीला बोलवायचं.

भिंतीवर 2010 च्या कायद्याचा फलक आहे: दवाखान्यात हल्ला केल्यास 3 वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड. फलक हवाच. पण त्याकडे बोट दाखवल्यावर माणूस निवळलेला मी अजून पाहिला नाही.

हे सगळं करताना माझी झोप गेली होती. घरी कुकरची शिट्टी झाली तरी छातीत धडधडायचं. एका रात्री 14416 लावला. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली टेलिमानस ही मनाच्या आरोग्यासाठीची सरकारी फोनसेवा मोफत आहे, रात्रंदिवस चालते, मराठीतही बोलता येतं. पलीकडच्या ताईंनी घाई केली नाही. त्यांच्याच सांगण्यावरून त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मानसोपचार विभागात गेले. केसपेपरच्या रांगेत उभी राहिले तेव्हा कळलं, तिथे पाय किती जड होतात.

सासूबाईंना गोळ्यांची भीती. "सवय लागेल, त्यापेक्षा काळारामाला जाऊन ये." मी दोन्ही केलं. डॉक्टरांनी समजावलं, या गोळ्यांची झोपेच्या गोळीसारखी चटक लागत नाही, गुण यायला 2 ते 4 आठवडे लागतात, आपल्या मनाने बंद मात्र करायच्या नाहीत. त्या आठवड्यांत ह्यांनी सकाळचे डबे केले आणि एकदाही "आता बरं वाटतंय का" असं विचारलं नाही. त्याचं मोल मला फार आहे.

दवाखान्यातही थोडं बदललं. आवाज चढला की दुसरीने येऊन खिडकी घ्यायची आणि पहिलीने चहाला जायचं, कुणी कारण विचारत नाही. खिडकीबाहेर दोन खुर्च्या ठेवल्यात, कारण बसलेल्या माणसाचा आवाज आपोआप उतरतो. आता माझी मागणी आहे की हे गेटवरच्या रात्रपाळीच्या वॉचमनलाही शिकवावं. घाबरलेले नातेवाईक आधी त्यालाच भेटतात. मॅनेजर हो म्हणालेत, पाळ्या लावायचं काम माझ्याकडे आलंय.