पितळी पाटी

21 ऑक्टोबर

सकाळी दादाच्या परेडला गेले होते, मुख्यालयाच्या मैदानावर. 1959 साली याच दिवशी लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याच्या गोळीबारात 10 पोलीस जवान पडले, तेव्हापासूनचा हा स्मृतिदिन. वर्षभरात ड्युटीवर गेलेल्यांची नावं वाचली. एकेक नाव, सावकाश. ऐकताना मला हेवा वाटत होता. गेलेल्या माणसांचा हेवा! घरी आले तरी तो मनातून जाईना.

पणजोबांचं नाव असं कुणी कधी वाचलं नाही. पोलिसातली नोकरी सोडून पलटणीत गेले, पहिल्या महायुद्धात, आणि तिकडे इराकात, बसऱ्याकडेच राहिले. पोलिसांच्या यादीत ते कुठून असणार? बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी अधिकाऱ्यांची नावं कोरली, साध्या शिपायांचे पलटणीवार नुसते आकडे. गावच्या चावडीतल्या दगडावरही तेच. इतके गेले, इतके मेले. त्या इतक्यांत आमचा एक.

नाव एकाच ठिकाणी होतं. लढाईत गेलेल्यांच्या घरी इंग्रज सरकारने गोल पाटी धाडली होती, ताटलीएवढी, प्रत्येकावर त्याचं त्याचं नाव उठवलेलं. आमच्याकडे तिला पितळी पाटी म्हणायचे. 72 च्या दुष्काळात आजीने ती मोडीत घातली. त्यावरून मी एकदा तिला वाट्टेल तसं बोलले होते. "मला कुटं वाचाया येत होतं? लेकरं उपाशी होती," एवढंच म्हणाली आणि भाकरी उलटली. तव्यावरची ती भाकरी अजून दिसते मला. तिची माफी मागायची राहिली ती राहिलीच.

येताना चार पुतळ्यांवरून आले. धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा. 12 जानेवारी 1931. सोलापुरात ही नावं कुणाला शिकवावी लागत नाहीत. ते इंग्रजांविरुद्ध फासावर गेले, आणि आमचे पणजोबा इंग्रजांच्या पलटणीत... जाऊ दे.

आजी दादाला जन्मभर 'बाळ' म्हणायची. बारशाला पणजोबांचंच नाव ठेवलेलं, मग सासऱ्याचं नाव ती तोंडाने कशी घेणार?

संध्याकाळी वहिनी वर्दी धुवायला घेत होती. "थांबा, खिशावरची पट्टी काढते," म्हटलं. पिना घट्ट बसल्या होत्या. पट्टीवर मैदानातली धूळ होती. पदराने पुसली, आणि मोठ्याने वाचली.

"काय म्हणालात?" वहिनीने विचारलं.

मी परत वाचली.