घोडी परक्या हाती: 21 दिवसांच्या फेरणीची नोंद

घोडी मारवाडी, 7 वर्षांची, वजन अंदाजे 350 किलो. मुक्काम परभणीजवळच्या शेतावर, काळ मार्च-एप्रिलचा. मालक 21 दिवस बाहेरगावी, तेवढे दिवस घोडीची फेरणी, म्हणजे रोज फिरवून मेहनत देणं, दुसऱ्यांकडे. घोडी पाहणारे दोघे: चंदी (धान्याचा खुराक) आणि पाणी सालगड्याकडे, स्वारी रोज सकाळी येणाऱ्या स्वाराकडे. खरी अडचण याच वाटणीत आहे, ते पुढे दिसेलच.

आधीचे 10 दिवस

स्वार निवडताना पहिली चौकशी वजनाची. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नयेत, म्हणजे इथे 70 किलोच्या आत. खोगीर 8 किलोचं, तेव्हा स्वार साठीच्या आतलाच हवा. दुसरी चौकशी कडियाळाची, म्हणजे लगामाच्या तोंडात बसणाऱ्या लोखंडी दांडीची. वरातीत घोडे नाचवणाऱ्या काहींकडे काटेरी कडियाळ असतं. ओझ्याच्या जनावरांवरची क्रूरता रोखणाऱ्या 1965 च्या नियमांनी त्याला बंदी आहे आणि त्यानं तोंड कायमचं बिघडतं. म्हणून लगाम, खोगीर, नमदा (खोगिराखालची गादी) सगळं मालकाचंच वापरायचं आणि नाचाचा सराव अजिबात द्यायचा नाही, हे आधीच ठरवलं.

पहिले 4 दिवस स्वार नुसता सोबत होता. खूर साफ करणं, खरारा, तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळणं सगळं त्याच्याच हातून करून घेतलं. तंगाखाली दोन बोटं सपाट जायला हवीत. घोडी तंग आवळताना पोट फुगवते, म्हणून दहा पावलं चालवून पुन्हा एक भोक ओढायचं. पुढचे 6 दिवस तो स्वार झाला आणि मालक बांधावर उभे राहिले.

पैशांचं असं ठरलं: मोबदला दिवसावर, पण घोडी लंगडली किंवा सुस्त दिसली म्हणून फेरली नाही, तरी त्या दिवसाचे पूर्ण पैसे. ही अट घातलीच पाहिजे. नाहीतर रोज बुडेल म्हणून दुखरी घोडीही बाहेर काढली जाते.

दिवस 1 ते 7

वेळ सकाळी 6. दुपारी पारा 38-39 ला जातोय, त्यामुळे साडेसातच्या आत घोडी सावलीत. एकूण 45 मिनिटं: 10 मिनिटं चाल, मग 5 मिनिटं दुडकी (चालीहून वेगवान, दौडीहून हळू) आणि 3 मिनिटं चाल असं तीनदा, शेवटी लगाम सैल सोडून चाल. दौड नाही. मुरुमाच्या रस्त्यावर फक्त चाल, दुडकी नांगरून वखरलेल्या रानाच्या कडेनं. वाळलेल्या काळ्या रानातल्या भेगांमध्ये टाप अडकते, तो पट्टा वर्ज्य.

रोजचे दोन व्हिडिओ मागवले. एकात घोडी दुडकीत समोरून येताना, दुसऱ्यात खोगीर काढल्याबरोबरची पाठ. दुसरा जास्त कामाचा. तिसऱ्या दिवशी पाठीवर सगळीकडे घाम होता, पण डाव्या बाजूला, मानेच्या बुडाशी असलेल्या उंचवट्याच्या मागं, तळहाताएवढा कोरडा डाग दिसला. घामानं ओल्या पाठीवर एकच जागा कोरडी राहते, तेव्हा तिथं खोगीर दाबत असतं. नमदा दुमडला गेला होता. तो पुढे सरकवून उंचवट्यावर वर ओढला, की मध्ये हवेला वाट राहते. पाचव्या दिवशी डाग नव्हता. दुर्लक्ष झालं असतं तर आठवड्याभरात पाठ लागली असती.

नाडी जबड्याच्या आतल्या कडेला, 15 सेकंद मोजून चौपट. विश्रांतीत 36. काम संपल्यावर 10 मिनिटांनी 56. साठच्या आत उतरते तोवर मेहनत बरोबर.

दिवस 8 ते 13

आठव्या दिवशी स्वार लग्नाला गेला. सांगून गेला, त्यात गैर काही नाही. पण चंदीच्या पिशव्या तारखेप्रमाणे भरून ठेवलेल्या होत्या आणि सालगड्यानं त्या दिवसाची पूर्ण 2 किलो चंदी (जव 1 किलो, भरडलेले हरभरे अर्धा किलो, गव्हाचा कोंडा अर्धा किलो) घातली. नवव्या दिवशी 15 मिनिटांच्या दुडकीनंतर घोडीचं पाऊल आखूड पडू लागलं, घाम सुटला, पुठ्ठे (मागचा मांसल भाग) हाताला लाकडासारखे कडक लागले.

काम बंद आणि खुराक पूर्ण असला की दुसऱ्या दिवशी स्नायू असे आखडतात. अशा वेळी चालवून मोकळी करू, ही समजूत घातक आहे, स्नायू आणखी फाटतात. स्वार तिथंच उतरला, खोगीर काढलं, पाणी आणून पाजलं, घोडी जागची हलवली नाही. पशुवैद्य रानातच आले. लघवी चहासारखी गडद झाली तर मूत्रपिंडाला धोका असतो, म्हणून दिवसभर पाहिली. रंग साधाच राहिला. डॉक्टरांच्या सल्ल्यानं चार दिवस चंदी बंद, फक्त कडबा आणि मीठ-पाणी. तेराव्या दिवशी हातात दोर धरून 10 मिनिटं चालवली.

चूक सालगड्याची नव्हे, पिशव्यांची. आता तारखा नाहीत. लाल पिशवी 2 किलोची, पांढरी 1 किलोची. खोगीर काढल्यावर स्वार स्वतः लाल पिशवी सालगड्याच्या हातात देतो. ती मिळाली नाही तर पांढरीच घालायची. लाल पिशव्यांच्या कपाटाची किल्ली स्वाराकडे.

दिवस 14 ते 21

चाल 20, 25, 30 मिनिटं. सतराव्या दिवसापासून 2-2 मिनिटांच्या दुडकीचे दोन तुकडे. चंदी 1 किलोवरच. नवा कडबा आला होता, तो एकदम बदलला नाही. जुन्यात चौथा हिस्सा मिसळून सुरुवात, 8 दिवसांत पूर्ण. एकदम बदलला की पोटशूळाची भीती. कुट्टी फार बारीक नको, बोटाएवढी बरी. पाणी दिवसाला 35-40 लिटर, बादल्या मोजून. एका दिवशी 22 वर आलं, तर हौदात शेवाळ धरलं होतं. हौद घासल्यावर पुन्हा 38.

एकविसाव्या दिवशी चाल 30 मिनिटं, दुडकी एकूण 6 मिनिटं, दहा मिनिटांनी नाडी 48. पुठ्ठे मऊ, पाठ स्वच्छ. पुढच्या डाव्या नालाचा एक खिळा वर आलाय. नाल बांधून सहा आठवडे होत आलेच, नालबंदाला निरोप दिलाय. तोवर मुरुमावर नेणं बंद.