चौदाव्या पायावरचा आवाज

सांगलीत विश्रामबागेतल्या आमच्या घरी १९८०च्या दशकातला एक सीडी प्लेअर आहे. त्याची यंत्रणा अजून उत्तम चालते. मात्र त्याचा अॅनालॉग आवाज गेल्या काही वर्षांत मंद आणि धूसर झाला होता. हे मला प्रथम जाणवले ते तंबोऱ्यामुळे. तंबोरे बनवणारे मिरज शेजारीच असल्याने जवारी (तारेला झंकार देणारी घोडीवरची घडण) नीट लागलेल्या तंबोऱ्याचा झंकार कानात पक्का बसलेला आहे, आणि तार विझत जातानाची ती बारीक आवर्तने सीडीवर ऐकूच येईनात.

प्लेअरच्या मागे डिजिटल आउटपुट नव्हते. झाकण उघडल्यावर आत फिलिप्सची एसएए७२२० ही डिजिटल फिल्टरची चिप दिसली आणि फार आनंद झाला, कारण या चिपच्या चौदाव्या पायावर (पिनवर) डिजिटल संकेत तयारच असतो. उत्पादकाने तो बाहेर काढलेला नसतो इतकेच. त्रुटी सुधारून झालेले ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिटचे तेच आकडे तिथून वेगळ्या डॅककडे, म्हणजे आकड्यांचा पुन्हा आवाज करणाऱ्या उपकरणाकडे, नेता येतात.

पण पायाला तार जोडून ती थेट बाहेर काढणे चूक आहे. चिपचा संकेत सुमारे ५ व्होल्टचा असतो, तर कोअॅक्सियल (मधे तार आणि भोवती जाळी असलेल्या केबलच्या) जोडणीला ७५ ओहमच्या भारावर साधारण अर्धा व्होल्ट हवा असतो. म्हणून पायाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, त्यापुढे ओळीत ३९० ओहमचा रेझिस्टर आणि तिथून ग्राउंडला ९१ ओहमचा, अशी मांडणी मी केली. यात व्होल्टेज तर उतरतेच, शिवाय केबलच्या बाजूने पाहिले असता रोध ७४ ओहमच्या आसपास येतो. ही दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण या तारेतून सेकंदाला २८ लाखांहून अधिक बिट धावतात आणि रोध जुळला नाही तर संकेताचा काही भाग टोकावरून परत फिरतो, त्याच्या कडा बिघडतात. सुरुवातीला मी साधी ऑडिओची तार वापरली तेव्हा डॅकची संकेताशी जुळणी मधूनमधून तुटत असे. डिश टीव्हीची केबल ७५ ओहमचीच असते. तिचा मीटरभर तुकडा लावल्यावर ती तक्रार संपली.

स्पीकरमधली गुणगुण मात्र राहिली. तुलना करता यावी म्हणून प्लेअरच्या जुन्या अॅनालॉग तारा मी अॅम्प्लिफायरलाच ठेवल्या होत्या, आणि नव्या केबलच्या जाळीमुळे प्लेअर, डॅक व अॅम्प्लिफायर यांच्या ग्राउंडचे एक वेटोळे पूर्ण झाले होते. रेझिस्टरांनंतर एकास एक गुणोत्तराचा पल्स ट्रान्सफॉर्मर (थेट तारजोड न करता संकेत पुढे देणारा) बसवला आणि बाहेरचा सॉकेट मागच्या पत्र्यापासून वेगळा राहील असा लावला, तेव्हा वेटोळे तुटले आणि गुणगुण थांबली.

असे काम करू इच्छिणाऱ्यांना कळकळीने सांगतो, की प्लग काढल्याशिवाय डाग देऊ नका आणि झाकण उघडे असताना लेन्समध्ये डोकावू नका; तो लेझर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, पण इजा करू शकतो.

अनेकजण लगेच चिपला ताल देणारे ११.२८९६ मेगाहर्ट्झचे क्रिस्टलही बदलतात. मी ते तसेच ठेवले आहे. तंबोऱ्याची विझती तार आता शेवटपर्यंत ऐकू येते.