मणी वाढतो की फुगतो?

द्राक्षात पाणी उतरल्यावर आणखी एक डिप मारली तर मणी वाढतो का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. (पाणी उतरणं म्हणजे मणी मऊ आणि गोड व्हायला लागणं. डिप म्हणजे घड संप्रेरकाच्या पाण्यात बुडवणं.) माहेर निफाड तालुक्यातलं आणि नोकरी नाशिकच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवण्याची, त्यामुळे जानेवारीत माझा फोन वाजणार हे ठरलेलं. "ताई, मण्यात पाणी उतरलंय, पण साइज नाही मिळाली. अजून एक डिप मारली तर मणी वाढंल ना?" मामेभाऊ विचारतो, त्याचे मित्र विचारतात. एकदा तर लग्नाच्या पंगतीत, हातात जिलबी असताना, एका पाव्हण्यांनी विचारलं.

नाही वाढणार. पाण्या-साखरेने जेवढा फुगायचा तेवढा फुगेल, पण नव्या पेशी आता मिळायच्या नाहीत.

मणी मोठा होतो तो दोन वाटांनी. आधी पेशींची संख्या वाढते, मग आहे ती पेशी फुगते. संख्या वाढण्याचं काम फुलोऱ्याच्या आधीच सुरू झालेलं असतं आणि सेटिंगनंतर, म्हणजे फुलाचा मणी धरल्यावर, साधारण तीन-चार आठवड्यांत आटोपतं. बिनबियांच्या मण्याला बियांकडून मिळणारं जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक पुरेसं मिळत नाही, म्हणून आपण ते बाहेरून जीए (जिबरेलिक ॲसिड) म्हणून देतो. डिपमधलं दुसरं रसायन सीपीपीयू. ते सायटोकायनिन या संप्रेरकाच्या जातीचं, पेशीला विभाजनाकडे ढकलतं. पण ऐकायला पेशी विभाजनाच्या चक्रात असायला हवी ना! पाणी उतरेपर्यंत गराच्या पेशी चक्रातून कधीच बाहेर पडलेल्या असतात.

हे फोनवर पटत नाही. म्हणून एकदा मामेभाऊ कामासाठी नाशिकला आला, तेव्हा त्याला लॅबमध्येच नेलं. प्रॅक्टिकलसाठी ग्लासच्या तोंडावर कांदा बसवलेला होता, खाली पांढऱ्या मुळ्या लोंबत होत्या. मुळीचं टोक कापून आधीच ॲसिटिक ॲसिड आणि अल्कोहोलमध्ये ठेवलेलं होतं. ते कोमट ॲसिडमध्ये मऊ केलं, रंगवलं आणि काचेवर ठेवून वर टिपकागद धरून अंगठ्याने दाबलं. हा अंगठा नीट पडला नाही तर पेशी एकमेकींवर चढतात आणि सगळं मुसळ केरात.

"शंभर पेशी मोज, त्यातल्या विभाजनातल्या किती ते सांग." त्याने एक डोळा मिटून मोजल्या. आठ निघाल्या. "बाकीच्या झोपल्यात का?"

त्याला काय हसायचं! जुन्या पुस्तकांत दोन विभाजनांमधल्या या काळाला विश्रांती अवस्थाच म्हणायचे, आणि नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही फळ्यावर तेच लिहिलंय. वास्तविक पेशीचं निम्म्याहून जास्त आयुष्य याच काळात जातं आणि खरं राबणं इथेच असतं. १९५३ मध्ये लंडनला हॉवर्ड आणि पेल्क यांनी घेवड्यासारख्या एका शेंगवर्गीय झाडाच्या मुळ्यांना किरणोत्सारी फॉस्फरस देऊन दाखवलं, की डीएनएची नक्कल विभाजन चालू असताना होत नाही, त्याच्या कितीतरी आधी होते. त्या नक्कल करण्याच्या काळाला एस म्हणतात. त्याच्या अलीकडचा जी-१, पलीकडचा जी-२. यातला जी म्हणजे गॅप, मोकळी जागा. नाव फसवं आहे. जी-१ मध्ये पेशी वाढते आणि पुढे जायचं की नाही ते ठरवते. सायटोकायनिनचा धक्का मुख्यतः इथेच लागतो. जी-२ मध्ये नक्कल नीट झाली का ते तपासलं जातं. कांद्याच्या गुणसूत्रांच्या एका संचात डीएनएची सुमारे १६ अब्ज अक्षरं आहेत, माणसाच्या पाचपट. ती उतरून काढायला तासन्‌तास लागणारच.

मग ते आठ जणांतलं दृश्य. पूर्वावस्थेत गुंतवळ सुटून १६ गुणसूत्रं वेगळी दिसू लागतात. मध्यावस्थेत ती मधोमध रांगेत येतात. एका जरी गुणसूत्राला दोन्ही बाजूंचे ओढणारे धागे नीट लागले नसतील, तर बाकीची पंधरा खोळंबतात. सगळी जुळली की पश्चावस्था, आणि ती इतकी झटपट उरकते की स्लाइडवर शोधावी लागते. आम्हाला एक सापडली. दोन झुबके, उलट्या दिशांना ओढलेले. अंत्यावस्थेत दोन केंद्रकं होतात आणि मधली भिंत आतून बाहेर बांधली जाते.

"म्हणजे वाटणीच," तो म्हणाला. "पण दोघांना अर्धं अर्धं?"

"नाही रे. दोघांनाही पूर्ण. सातबाऱ्याचा अख्खा उतारा आधीच दोन प्रतींत काढलेला असतो."

बराच वेळ तो सूक्ष्मदर्शकातून डोळा काढेना. त्याची आणि धाकट्याची बांधावरून चाललेली केस तेव्हा चौथ्या वर्षात होती.

आणि हो, डिपचं विचारलंत. गावी गेल्यावर त्याने दुसऱ्याच दिवशी मारली. शेजाऱ्याने मारली होती ना.